यकृतविद्रधी आणि एमेटीन

यकृतविद्रधी, म्हणजे यकृतात पू साठून होणारे गळू, हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणींच्या रुग्णालयांत मोठ्या धास्तीचा विषय होता. उपाय शस्त्राचा. यकृतापर्यंत छेद घेऊन पू वाहता करावयाचा. उघड्या जखमेत बाहेरील जंतू शिरले की रुग्ण बहुधा हाती लागत नसे. अशा शस्त्रक्रियांनंतर निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत.

वस्तुतः रोगाचे कारण तोवर अज्ञात राहिले नव्हते. आमांशाने मेलेल्यांच्या शवपरीक्षेत रॉबर्ट कॉख यास 1883 साली ईजिप्तमध्ये यकृतातील गळवांच्या भिंतींत अमीबा आढळला होता. औषधही जुनेच. ब्राझीलमधील इपेकाक या वनस्पतीचे मूळ आमांशावर यूरोपात सतराव्या शतकापासून दिले जाई, आणि 1817 साली पेलेतिए व माजांदी यांनी त्यातून एमेटीन वेगळे काढले होते. अडचण निराळीच होती. पुरेशी मात्रा पोटात ठरत नसे, ओकारीवाटे बाहेर पडे; एमेटीन हे नावच मुळी ओकारीवाचक ग्रीक शब्दावरून पडले आहे.

कलकत्ता मेडिकल कॉलेजातील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक लेनर्ड रॉजर्स यांनी 1907 साली असे प्रतिपादन केले की, पू होण्यापूर्वी यकृतदाहाची एक अवस्था असते, रक्तातील पांढऱ्या पेशींच्या वाढीवरून ती ओळखता येते, व त्याच वेळी इपेकाक भरपूर दिल्यास गळू टळते. रॉजर्स यांची कीर्ती एमेटीनमुळे झाली खरी. परंतु शस्त्राचा प्रसंगच येऊ न देण्याचा हा विचार अधिक मोलाचा मानावा लागतो. पुढे मनिला येथे व्हेडर या अमेरिकी लष्करी डॉक्टराने एमेटीनच्या अत्यंत विरल द्रावणातही अमीबा मरतात असे दाखविले, आणि 1912 साली रॉजर्स यांनी ते कातडीखाली टोचून दिले. ओकारीचा प्रश्न बव्हंशी मिटला. पू झालाच असेल तर तो सुईने ओढून घ्यावा व एमेटीन टोचावे, अशी रीत पडून मोठा छेद मागे पडला.

मात्र लवकर निदान हे पलटणीतील शिपायास जितके सुलभ, तितके खेड्यातील शेतकऱ्यास नव्हते; तो रुग्णालयाची पायरी चढे तो बहुधा गळू झाल्यावरच. शिवाय एमेटीन हृदयाच्या स्नायूस घातक असल्याने रुग्णास अंथरुणास खिळवून ठेवावे लागे. ही धास्ती संपण्यास 1966 साल उजाडावे लागले. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे पॉवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेट्रोनिडाझोलचे यश जाहीर केले, आणि टोचण्याच्या जागी तोंडावाटे घ्यावयाची गोळी आली.