फुप्फुसातील गाठ आणि ११० मिनिटे
फुप्फुसाची गाठ क्ष-किरण चित्रात दिसते. पण कर्करोग दूरच्या अवयवांत पसरला असेल, तर ती कापून काढण्याचा सहसा उपयोग नसतो. हा पसार शोधतो कसा, ते आपण पाहू.

कर्कपेशी ग्लुकोज अधाशीपणे घेतात. ग्लुकोजसारख्या पदार्थाला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडून टोचले, की तो तेथे साठतो आणि ‘पेट’ चित्रात तो भाग उजळतो.

वरळीजवळच, परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये सुरू झाले. अवटु ग्रंथीसाठी लागणारे आयोडीन-१३१ ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होई. त्याचे अर्धायुष्य ८ दिवसांचे. त्यामुळे वाहतुकीला पुरेसा अवधी मिळे. फ्लोरिन-१८ चे मात्र ११० मिनिटेच! म्हणजे साडेपाच तासांत आठवा हिस्सा उरतो. म्हणून ते रुग्णाजवळच बनवायला हवे. २००२ मध्ये परळलाच सायक्लोट्रॉन बसला आणि देशातील पहिले पेट केंद्र तेथे सुरू झाले.

मात्र क्षयाची गाठही अशीच उजळते. आपल्याकडे क्षयरुग्ण पुष्कळ. तेव्हा केवळ चित्रावरून निदान करून चालत नाही. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावाच लागतो. विद्यार्थ्यांना हेही अवश्य सांगावे.