ग्लुकोकायनेज : जनुक आणि त्याचे नियमन

ग्लुकोजला फॉस्फेट जोडून ग्लुकोज-६-फॉस्फेट तयार करणारे एंझाइम. हेक्सोकायनेज कुळातले हे चौथे. त्याचे जनुक (जीसीके) मानवाच्या सातव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. कुळातली पहिली तीन एंझाइमे साखर अगदी थोडी असली तरी जोमाने चालतात आणि उत्पादन साचले की थांबतात. ग्लुकोकायनेज मात्र ग्लुकोजचे प्रमाण डेसिलिटरला १४० मिग्रॅ.च्या आसपास गेल्यावर कुठे आपल्या कमाल वेगाच्या निम्म्यावर येते, आणि स्वतःच्या उत्पादनामुळे ते अडत नाही. म्हणूनच उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर यांतला फरक त्याला ‘कळतो’. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींमधला ग्लुकोज-संवेदक तो हाच, ही मांडणी मुख्यतः फ्रान्झ माचिन्स्की यांची.

या जनुकाची खरी गंमत त्याच्या नियमनात आहे. जनुक एक, पण त्याला प्रवर्तक दोन, तेही एकमेकांपासून बरेच दूर. वरचा प्रवर्तक बीटा पेशींत चालतो, खालचा यकृतात. दोन्हीकडे तयार होणारी प्रथिने सुरुवातीच्या मोजक्या अमिनो आम्लांपुरतीच वेगळी असतात, काम तेच करतात. बीटा पेशींत या एंझाइमचे प्रमाण बऱ्यापैकी स्थिर असते. साखर वाढली की ग्लुकोजचे विघटन वाढते, एटीपी वाढते, पोटॅशियमच्या वाहिन्या मिटतात, कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिन बाहेर पडते. यकृतात याच जनुकाचे प्रतिलेखन इन्सुलिनच्या हुकमावर चालते. उपास घडला की यकृतातला त्याचा संदेशवाहक आरएनए जवळजवळ नाहीसा होतो, जेवल्यावर काही तासांत परततो. इन्सुलिन नसलेल्या मधुमेही प्राण्यांत तो दिसत नाही, इन्सुलिन टोचले की दिसू लागतो. या कामात एसआरईबीपी-१सी या प्रतिलेखन घटकाचा वाटा मोठा मानला जातो. त्याच वेळी इन्सुलिन फॉक्सओ१ या घटकाला पेशीकेंद्राबाहेर काढते आणि नवे ग्लुकोज बनवणाऱ्या एंझाइमांची जनुके मंदावतात. साखर आत घेणे सुरू आणि बाहेर सोडणे बंद, हे दोन्ही एकाच संप्रेरकाने साधते.

यकृतात आणखी एक लगाम आहे. एमिल व्हान शाफ्टिंगेन यांनी शोधलेले एक नियामक प्रथिन उपाशी अवस्थेत ग्लुकोकायनेजला पेशीकेंद्रात धरून ठेवते. फळांतल्या फ्रुक्टोजपासून बनणारे फ्रुक्टोज-१-फॉस्फेट ही पकड सोडवते. या प्रथिनाच्या जनुकातला एक सर्रास आढळणारा बदल पकड सैल करतो. अशा लोकांत उपाशीपोटीची साखर किंचित कमी, पण रक्तातले ट्रायग्लिसराइड जास्त असते, कारण यकृतात शिरलेल्या जादा साखरेची चरबी होते. साखर कमी म्हणजे सगळे चांगले, हे समीकरण इथे चालत नाही.

जीसीकेच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असली की मोडी (एकाच जनुकातल्या दोषामुळे तरुणपणी दिसणारा मधुमेह) या गटातला एक सौम्य प्रकार होतो. फ्रान्समधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून १९९२ मध्ये हा संबंध सिद्ध झाला. इथे इन्सुलिन स्रवण्याचा उंबरठाच वर सरकलेला असतो. उपाशीपोटीची साखर जन्मापासून साधारण १०० ते १४५ मिग्रॅ.च्या दरम्यान राहते, फारशी वाढत नाही आणि डोळे-मूत्रपिंडांची गुंतागुंत क्वचितच होते. गर्भारपण सोडले तर औषधे देऊन विशेष काही साधत नाही. शरीर आपली वरची पातळीच राखत राहते. तरीही पुष्कळांना टाइप-२ समजून वर्षानुवर्षे गोळ्या दिल्या जातात. आईकडे हा दोष असेल आणि गर्भात तो नसेल, तर आईच्या जादा साखरेला उत्तर म्हणून गर्भ जास्त इन्सुलिन बनवतो आणि बाळ वजनदार होते. दोष दोघांतही असेल तर वजन सर्वसाधारण राहते. वडिलांकडून दोष आला आणि आई निरोगी असली की बाळ सरासरीपेक्षा हलके. गर्भाची वाढ त्याच्या स्वतःच्या इन्सुलिनवर किती अवलंबून असते, याचा याहून स्वच्छ पुरावा सापडणे कठीण. दोन्ही प्रती निकामी असतील तर मात्र नवजात अर्भकालाच कायमचा, तीव्र मधुमेह होतो. उलट, एंझाइम अतिसक्रिय करणाऱ्या बदलांमुळे साखर वारंवार घसरते.

मोडीचेच दुसरे प्रकार प्रतिलेखन घटकांच्या दोषांतून येतात. एचएनएफ१ए आणि एचएनएफ४ए यांचा संबंध १९९६ मध्ये उलगडला. यांत साखर वयाबरोबर चढत जाते, पण सल्फोनिलयुरिया गटातल्या साध्या, स्वस्त गोळ्यांना ती चांगला प्रतिसाद देते. म्हणून या रुग्णांत जनुकचाचणीचा निकाल थेट औषधाच्या चिठ्ठीवर उतरतो.

टाइप-२ मधुमेहाची गोष्ट इतकी सरळ नाही. तिथे एका जनुकावर बोट ठेवता येत नाही. यकृतात इन्सुलिनचा अर्धाच हुकूम पाळला जातो: नवे ग्लुकोज बनवणे थांबवण्याचा पाळला जात नाही, चरबी बनवण्याचा मात्र पाळला जातो. साखर आणि मेदयुक्त यकृत जोडीने का आढळतात, याचा एक धागा इथे मिळतो.

ग्लुकोकायनेजला चेतवणारी औषधे बनवण्याचे सुरुवातीचे प्रयत्न फसले. साखर फार खाली जाई, ट्रायग्लिसराइड वाढत आणि परिणाम काही महिन्यांत ओसरे. २०२२ मध्ये चीनने डॉरझाग्लियाटिन या औषधाला टाइप-२ मधुमेहासाठी मान्यता दिली. या वर्गातले मान्यता मिळालेले ते पहिले औषध होय.