‘बेपत्ता’, ‘अकस्मात मृत्यू’ आणि पहिली नोंद : सोनई ते खर्डा

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील दलित हत्याकांडांची यादी आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. सोनई, खर्डा, जवखेडे, शिर्डी. प्रत्येक वेळी मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली. पण या घटनांतला एक धागा आपण पुरेसा तपासलेला नाही, असे आम्हाला वाटते. माणूस दिसेनासा होतो आणि पोलीस ठाण्याच्या वहीत त्याच्याबद्दल पहिली ओळ लिहिली जाते, त्या मधल्या काही तासांत काय घडते?

सोनई घ्या. नेवासा तालुका, १ जानेवारी २०१३. सचिन घारू, संदीप थनवार आणि राहुल कंडारे हे मेहतर समाजातले तीन तरुण सफाई कामगार होते. सचिनचे एका मराठा कुटुंबातल्या मुलीशी प्रेमसंबंध होते. शौचालयाची टाकी साफ करायची आहे, असे सांगून तिघांना मुलीच्या घरच्यांच्या वस्तीवर बोलावले गेले. बाहेर बातमी आली ती एवढीच की, संदीप टाकीत पडून मेला. म्हणजे अपघात. उरलेले दोघे कुठे आहेत, हा प्रश्न नातेवाइकांनी लावून धरला. त्यानंतर कोरड्या विहिरीतून त्यांचे मृतदेह निघाले. सचिनच्या देहाचे तुकडे केले होते. दारांना कुलूप न लावण्यासाठी प्रसिद्ध असलेले शनिशिंगणापूर तिथून जवळच आहे.

मारेकऱ्यांनी टाकीचाच बनाव का निवडला, याचा विचार करा. सफाई कामगार मैल्याच्या टाकीत गुदमरून मेला, याचे या देशात कुणाला आश्चर्य वाटत नाही. जातीने जो धंदा माथी मारला, तोच खुन्यांच्या कामी आला. पोलिसांना, गावाला, कदाचित वर्तमानपत्रालाही ती गोष्ट पटण्यासारखीच होती. म्हणून आम्ही म्हणतो की, असा बनाव खुनी एकटे रचत नाहीत, त्याचा अर्धा भाग जातिव्यवस्थेने आधीच रचून ठेवलेला असतो. दलित पोरगा प्रेमात पडला आणि झाडाला लटकलेला सापडला, तर ‘त्याने फास लावून घेतला’. भूमिहीन मजूर घरी आला नाही, तर ‘गेला असेल ऊसतोडीला’. बाई दिसेनाशी झाली, तर ‘गेली असेल कुणाबरोबर’. हवालदार नोंद लिहायला बसतो, तेव्हा ही वाक्ये त्याच्या पेनात आधीपासून असतात.

खर्डा येथे हेच दिसले. जामखेड तालुक्यातल्या या गावात २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याचा मृतदेह झाडाला लटकलेला आढळला. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून शाळेतून मारत नेऊन त्याला ठार केले आणि आत्महत्या वाटावी म्हणून लटकावले, असा आरोप होता. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. गावातले साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. दिवसाढवळ्या, भर गावात घडलेल्या घटनेबद्दल न्यायालयात कुणी काही पाहिलेले नव्हते. मग नितीनला कुणी मारले? त्या निकालापाशी या प्रश्नाला उत्तर नाही.

आता दोन्ही खटले शेजारी ठेवा. सोनईत प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नव्हता, सगळा परिस्थितीजन्य पुरावा होता. तरी २० जानेवारी २०१८ रोजी सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली आणि एकाला सोडले. (बाबासाहेबांनी संविधान सभेत फाशीची शिक्षाच रद्द करावी असे मत मांडले होते, हे फाशीचा जल्लोष करताना आठवलेले बरे.) सोनईचा खटला नगरमधून नाशिकला हलवला होता, खर्ड्याचा नगरमध्येच चालला. एवढ्या एकाच कारणाने निकाल बदलला असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या गावाच्या रानात मजुरी करायची, ज्या दुकानातून उधारीवर किराणा आणायचा, त्याच गावाविरुद्ध साक्ष द्यायला किती बळ लागते, ते शहरात बसून कळत नाही.

जवखेड्याचा उल्लेख टाळून चालणार नाही. पाथर्डी तालुक्यात ऑक्टोबर २०१४ मध्ये एकाच दलित कुटुंबातले आईवडील आणि मुलगा यांची हत्या झाली. डिसेंबरमध्ये पोलिसांनी अटक केली ती नातेवाइकांनाच. तपासावर संशय घेण्याचा हक्क आपल्याला आहेच, पण पुरावा हाती येण्याआधी आरोपी कोण ते घोषणेत ठरवून टाकले, तर पुढच्या खऱ्या अत्याचाराच्या वेळी विरोधकांना आयते हत्यार मिळते.

कायदा दुबळा आहे असे नाही. मूल बेपत्ता झाले तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. प्रौढ माणसाची मात्र फक्त ‘मिसिंग’ची नोंद होते, आणि ती नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. म्हणून घातपाताचा संशय असेल तर पहिल्याच तक्रारीत तसे लिहा, कुणावर आणि का संशय आहे तेही लिहा, जातीचा उल्लेख करा. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८ए नुसार एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. १९९५ च्या नियमांप्रमाणे तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, आणि टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कलम ४ आहे. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी १५ए आहे. मृतदेह सापडला नाही तरी खून सिद्ध होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच रामानंद खटल्यात मान्य केले आहे.

या कलमांचा उपयोग पहिल्या रात्री होतो. मोर्चा आठव्या दिवशी निघतो, तोवर पंचनामा झालेला असतो, जबाब झालेले असतात, आणि गावातल्या चारदोन कुटुंबांना कुणीतरी भेटून गेलेले असते. मेहतर, मातंग, पारधी वस्तीतून रात्री अकराला फोन आला तर त्यांच्याबरोबर ठाण्यात जाऊन बसणारा माणूस आपल्या तालुक्यात कोण आहे? सोनईचे तिघे मेहतर होते, आणि मेहतर समाज आपल्या मोर्चात अजूनही पाहुण्यासारखाच उभा असतो.