बीच वनांतील विरळणी आणि बदलते हवामान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
बीच हा मध्य युरोपातील पानझडी वनांचा प्रमुख वृक्ष होय. दाट वनातील काही झाडे ठरावीक काळाने तोडून उरलेल्या झाडांना प्रकाश, पाणी व जागा उपलब्ध करून देण्याच्या पद्धतीस विरळणी म्हणतात. या पद्धतीचे नियम हवामान स्थिर आहे, असे गृहीत धरून घडले. आज ते गृहीतक टिकत नाही. म्हणून त्या नियमांच्या इतिहासाचा आढावा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नियमांची घडण :
अठराव्या शतकात जर्मन प्रदेशांत लाकूडटंचाईची भीती व्यापक होती. या पार्श्वभूमीवर गेओर्ग लुडविग हार्टिग (१७६४–१८३७) यांनी १७९१ मध्ये वनपालांसाठी मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. दबलेली झाडे काढावीत, मात्र वरचे पर्णछत्र तुटू देऊ नये, असा त्यांचा सावध पक्ष होता. याउलट, भरपूर विरळणी केल्यास खोड लवकर जाड होते, असे डेन्मार्कचे काउंट रेव्हेंटलो (१७४८–१८२७) यांचे प्रतिपादन होते. त्यांचे लेखन मात्र मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने, १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा प्रश्न मोजमापानेच सुटणार होता. १८७२ मध्ये जर्मन वनसंशोधन केंद्रांचा संघ स्थापन झाला आणि सौम्य, मध्यम व तीव्र अशा विरळणीच्या श्रेणी निश्चित झाल्या. बव्हेरियातील फाब्रिकश्लाइखाख येथील बीच वनात १८७० च्या सुमारास असे तुलनात्मक प्रयोग सुरू झाले.

जुन्या नोंदींचा नवा अर्थ :
१८७० पासूनच्या अशा प्रयोगक्षेत्रांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६० च्या तुलनेत स्प्रूस व बीच वनांतील लाकडाची वाढ १० ते ३० टक्क्यांनी अधिक वेगाने होत असल्याचे त्यात आढळले. तापमानवाढ व लांबलेला वाढीचा हंगाम ही त्याची प्रमुख कारणे मानली गेली. परंतु २०१८ व २०१९ च्या अवर्षणात मध्य युरोपात असंख्य बीच वृक्षांचे शेंडे वाळले आणि वेगवान वाढ म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे स्पष्ट झाले.

विरळणीमुळे जमिनीतील ओलाव्याचे वाटेकरी कमी होतात, तसेच पर्णछत्रात अडकणारे पावसाचे पाणीही कमी होते. त्यामुळे उरलेली झाडे अवर्षणानंतर लवकर सावरू शकतात. तथापि बीचची साल पातळ असते. एकाएकी ऊन लागल्यास ती भाजते. मोठ्या पर्णसंभाराची पाण्याची गरजही वाढते. बंद छत्राखालील गारवा जपावा, असे प्रतिपादन करणारा पक्ष यामुळेच बळावला आहे.

निष्कर्ष :
हार्टिग व रेव्हेंटलो यांचा वाद लाकडाच्या उत्पन्नाविषयी होता. आज तोच प्रश्न वृक्षाच्या अस्तित्वाचा झाला आहे. सौम्य, परंतु वारंवार आणि जमिनीतील ओलावा पाहून केलेली विरळणी हा त्यातील संयत मार्ग दिसतो. बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ डिट्रिख ब्रॅण्डिस १८६४ मध्ये भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. जर्मन वनव्यवस्थापनाची परंपरा त्यांच्यामार्फत येथेही पोहोचली असल्याने हा बोध भारतीय वनांनाही लागू पडतो. झाड लावणाऱ्यास त्याची पूर्ण वाढ क्वचितच पाहता येते. पुढील पिढीच्या हाती उरतात त्या नोंदीच. लाकडाचा हिशेब ठेवण्यासाठी सुरू झालेल्या नोंदी दीड शतक अखंड राहिल्या, म्हणूनच त्या हवामानबदलाच्या साक्षीदार ठरल्या.