वाहनातील वापरलेला उंची ध्वनिसंच : तळेगाव दाभाडे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

१

वस्तूंच्या इतिहासात त्यांच्या निर्मितीचा वृत्तान्त सामान्यतः सविस्तर दिलेला असतो. त्या वस्तू पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे कशा गेल्या, जाताना त्यांच्याबरोबर काय गेले आणि काय मागे राहिले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. मोटारगाडीतील ध्वनिसंच हे याचे एक चांगले उदाहरण होय. एका गाडीतून काढलेला उंची संच विकत घेऊन तो दुसऱ्या गाडीत बसविणे ही गोष्ट आज इतकी परिचयाची झाली आहे की, ती नेहमीच शक्य होती आणि पुढेही राहील, असा समज होतो. इतिहास पाहता हा समज टिकत नाही. असा व्यवहार सुलभ होण्यास काही विशिष्ट परिस्थिती कारणीभूत झाली. ती १९८० नंतरच्या दोन-तीन दशकांत पूर्णत्वास पोचली आणि आता ती ओसरत आहे. या स्थित्यंतराचे स्वरूप स्पष्ट करणे एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या विचारासाठी तळेगाव दाभाडे हा परिसर सोयीचा आहे. सेनापती दाभाडे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावात १९०८ साली पैसा फंडाचा काचकारखाना निघाला आणि परकीय कारागिरी शिकून ती येथे रुजविण्याचा एक प्रयत्न झाला. पुढे आग्नेयेस पिंपरी-चिंचवड, पूर्वेस चाकण आणि खुद्द तळेगाव अशा तिन्ही ठिकाणी मोटारींचे कारखाने उभे राहिले. गाडी जेथे तयार होते, जेथे वापरली जाते आणि जेथे तिचे सुटे भाग पुन्हा बाजारात येतात, ती स्थळे येथे एकमेकांपासून फार दूर नाहीत.

२

मोटारीतील ध्वनियंत्राची पहिली अवस्था रेडिओची. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीसाठी रेडिओ तयार केला आणि त्यास मोटोरोला हे नाव दिले. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टचा ऑटोसुपर हा संच निघाला. त्याचे आकारमान सुमारे दहा लिटर होते. म्हणजे जवळजवळ पाण्याच्या बादलीइतकी जागा त्यास लागे. चालकाजवळ केवळ नियंत्रणाची कळ असे, मुख्य पेटी अन्यत्र ठेवावी लागे. निर्वात नळ्यांना लागणारा उच्च दाब बॅटरीच्या अल्प दाबापासून मिळविण्यासाठी कंपकाची योजना करावी लागे, आणि इंजिनातील ठिणग्यांमुळे होणारी खरखर थांबविण्यासाठी वेगळा बंदोबस्त करावा लागे. यास्तव असा संच बसविणे म्हणजे त्या विशिष्ट गाडीपुरती एक स्वतंत्र रचना करणेच होते. तो काढून दुसऱ्या गाडीत बसविण्यास यंत्रशास्त्राची मनाई नव्हती; पण तसे करण्यास लागणारे श्रम मोठे होते.

१९५३ साली जर्मनीतील बेकर कंपनीने मेक्सिको या नावाचा संच काढला. एफ. एम. लहरी आणि केंद्र आपोआप शोधण्याची सोय यांमुळे उंची संचाचा तो एक आदर्श ठरला. १९५५ मध्ये क्रायसलरच्या गाड्यांसाठी फिल्कोने पूर्णतः ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ दिला आणि नळ्या व कंपक यांची गरज संपत चालली. योगायोगाने याच काळात पुणे परिसरात ऐकण्याजोगे काही उपलब्ध झाले. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी आणि विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली.

परंतु या काळातील रेडिओ एका दुसऱ्या गोष्टीनेही बांधलेला होता. रेडिओ बाळगण्यास टपालखात्याकडून परवाना घ्यावा लागे आणि त्याचे शुल्क भरावे लागे. यंत्र आणि त्याच्या मालकीचा कागद अशी ही जोडी होती. हा परवाना १९८५ साली रद्द झाला. कागदापासून यंत्र मोकळे झाले ते अशा वेळी, जेव्हा ते गाडीपासूनही मोकळे होत होते.

३

ही दुसरी मोकळीक एका साध्या आयताने दिली. डॅशबोर्डमधील खाचेचे माप प्रथम जर्मनीत ठरले आणि १९८४ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. रुंदी सुमारे १८० मिलिमीटर आणि उंची ५० मिलिमीटर. या मापाची खाच असलेल्या कोणत्याही गाडीत या मापाचा कोणताही संच बसू लागला. फिलिप्सने १९६३ साली प्रसिद्ध केलेली कॅसेट तोवर सर्वत्र पसरली होती. आपल्याकडे डिसेंबर १९८३ पासून मारुती ८०० रस्त्यावर आली. तिच्या साध्या प्रकारात कारखान्याकडून ध्वनिसंच मिळत नसे. तो मालकाने बाहेरून घ्यावा आणि वायरमनकडून बसवून घ्यावा, अशी रीत पडली. संच बसविणाऱ्या कारागिरांचा स्वतंत्र वर्ग ठळक झाला तो याच काळात.

संचाच्या पुरवठ्याची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. १९९१ पूर्वी आयातपरवाना आणि जकात यांमुळे उंची परदेशी संच सरळ मार्गाने मिळणे दुष्कर होते. आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून काही येत. काही चोरट्या मार्गाने येत. वापरलेला माल शोधणारा मुंबईत लॅमिंग्टन रस्ता, चोरबाजार किंवा कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांकडे वळे. पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा मंगळवार पेठेतील जुना बाजार आणि दुरुस्तीसाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही ठिकाणे होती. तळेगावच्या रहिवाशास लोहमार्गाने दोन्ही शहरे गाठता येत.

या अवस्थेची साक्ष भाषेतही उमटली आहे. गाडीतील ध्वनिसंचास वायरमन आणि ग्राहक दोघेही ‘टेप’ म्हणू लागले. कॅसेट गेली, तबकडी आली व गेली, काचेचा स्पर्शपडदा आला; तथापि ‘टेप बसविणे’ हा प्रयोग अद्याप ऐकू येतो. तिळापासून निघते ते तैल, या व्युत्पत्तीस न जुमानता आपण खोबऱ्याचे आणि शेंगदाण्याचेही तेल म्हणतो. त्यातलाच हा प्रकार आहे. परंतु येथे केवळ अर्थविस्तार झालेला नाही. ‘टेप’ या शब्दात, गाडीहून वेगळी, विकत आणता येणारी, बसविता आणि काढता येणारी वस्तू हा भाव दृढ झाला. त्याच्या विरुद्ध बाजूस ‘कंपनी फिटिंग’ हा शब्द उभा राहिला. कारखान्यातूनच बसून आलेला संच म्हणजे कंपनी फिटिंगचा. पुढील इतिहास या दोन शब्दांमधील भेदाचा इतिहास आहे.

४

सुटेपणाचा लाभ जसा खरेदीदारास झाला तसा चोरासही झाला. दोन पात्यांनी जो संच क्षणात बाहेर काढता येतो, तो कोणासही काढता येतो. म्हणून उंची संचांना सांकेतिक अंक आले. बॅटरीची जोडणी सुटली की संच बंद होई आणि योग्य अंक दिल्यावाचून चालू होत नसे. काही संचांचा दर्शनी भागच काढून खिशात नेण्याची सोय झाली. परवान्याचा कागद गेला होता. त्याची जागा अंकाच्या लहानशा पत्रिकेने घेतली.

त्यामुळे वापरलेला संच पारखणे ही कागदपत्र पारखण्यासारखी क्रिया झाली. जाणता खरेदीदार प्रथम संचाच्या मागील बाजू पाहतो. जोडणीचे मूळ खटके शाबूत असतील तर संच रीतसर उतरविलेला असण्याचा संभव अधिक. तारा कापलेल्या असतील तर घाईचा आणि कदाचित चोरीचा संशय येतो. त्यानंतर अंकपत्रिका, दर्शनी भाग आणि धातुपट्टीवरील क्रमांक यांचा मेळ पाहिला जातो. हे तिन्ही नसलेला संच कितीही नामांकित असला तरी तो न घेणेच श्रेयस्कर, मग किंमत काहीही असो.

स्पीकरची परीक्षा निराळी. जुन्या स्पीकरच्या पडद्याभोवतीची कड पुष्कळदा पॉलियुरेथेनच्या फेसाची असते. दमट हवेत तिचे रासायनिक विघटन होते आणि बोट लावताच ती भुग्यासारखी गळते. मावळातील पावसाळ्यात हा दोष विशेष जाणवणारा आहे. रबरी कडा अधिक टिकतात. कड बदलता येते, परंतु जळालेले वेटोळे बदलणे खर्चाचे असते. म्हणून मापकाने रोध पाहतात. चार ओहम म्हणून विकलेल्या स्पीकरचा रोध मापकावर साडेतीनच्या आसपास दिसतो. कारखान्याने दिलेल्या उंची संचातील काही स्पीकर दोन ओहमचे असतात; ते भलत्या वर्धकास जोडले तर वर्धक तापतो.

बसविण्याच्या कामातही क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम अंक हाती असल्याची खात्री, मगच बॅटरीचे ऋण टोक सोडणे. वर्धकाची जाड तार थेट बॅटरीपासून नेतात आणि तिच्यावरचा फ्यूज बॅटरीजवळच, सुमारे अर्ध्या मीटरच्या आत ठेवतात. कारण पुढे कोठेही ती तार पत्र्यास घासली तर आग लागू शकते. तीनशे वॉट देणारा वर्धक साठ टक्के कार्यक्षमतेने चालला तर त्यास पाचशे वॉट लागतात, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ३६ अँपिअर. लहान गाडीच्या ‘डायनामो’वर हा भार लक्षणीय आहे. (आल्टरनेटर येऊन अनेक दशके लोटली तरी गॅरेजमध्ये जुनेच नाव चालते.) वर्धक डिकीत ठेवतात, त्याची अर्थची तार रंग खरवडलेल्या पत्र्यास आवळतात, आणि विजेची तार गाडीच्या एका बाजूने व ध्वनीची तार दुसऱ्या बाजूने नेतात; नाही तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येते. स्पीकरची खूण पुसली असेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहतात. पडदा बाहेर आला की सेलचे धन टोक ज्यास लागले तेच स्पीकरचे धन टोक. हे ज्ञान हाताने हाताला दिले गेले आणि त्यावर अनेकांचा चरितार्थ चालला.

५

सुटेपणाची ही अवस्था भरात असतानाच तिचा शेवट करणारी प्रवृत्तीही सुरू झाली होती. जनरल मोटर्सने बोस कंपनीच्या साहाय्याने १९८३ च्या काही गाड्यांत त्या त्या गाडीच्या अंतर्भागाच्या मोजमापाबरहुकूम रचलेला ध्वनिसंच दिला. येथे उत्तमपणाचा अर्थच बदलला. उत्तम संच म्हणजे कोठेही उत्तम वाजणारा, ही कल्पना मागे पडून एका विशिष्ट गाडीत उत्तम वाजणारा, ही कल्पना पुढे आली. १९८६ मध्ये बॉशने गाडीतील यंत्रांचे परस्पर संदेशवहन करणारी कॅन ही व्यवस्था जाहीर केली. २००१ मध्ये बी. एम. डब्ल्यू.च्या सातव्या मालिकेत संच, वर्धक आणि इतर घटक प्रकाशतंतूच्या वलयाने जोडले गेले. त्यानंतर अनेक उंची गाड्यांत संच त्या गाडीच्या क्रमांकाशी बांधला गेला. तो दुसऱ्या गाडीत ठेवला तर अधिकृत कार्यशाळेच्या संमतीविना बोलत नाही.

तळेगावच्या परिसरात या बदलाची दोन चिन्हे दिसतात. जनरल मोटर्सचा तळेगाव येथील कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला. तेथे तयार झालेल्या शेवरोले बीट या लहान गाडीत संचाचा दर्शनी भाग डॅशबोर्डच्याच घाटाचा होता. प्रमाण आयत तेथे उघड दिसत नसे. म्हणजे उंची गाड्यांतील रीत साध्या गाडीपर्यंत उतरली होती. कंपनीने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबविली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन संपले आणि २०२३ साली हा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. गाड्या मात्र मालकांकडेच राहिल्या. निर्माता निघून गेल्यावर अशा गाडीचा संच बिघडला, तर वापरलेला सुटा भाग किंवा मधली चौकट बसवून दुसरा संच जुळविणारा वायरमन यांवाचून मालकास गत्यंतर उरत नाही.

दुसरे चिन्ह चाकणचे. ज्या बेकरचा मेक्सिको हा संच एके काळी सुट्या उंची संचाचा आदर्श होता, ती कंपनी १९९५ मध्ये हरमनने घेतली; हरमन २०१७ मध्ये सॅमसंगच्या मालकीची झाली. या हरमनचा कारखाना आज चाकण येथे आहे आणि तेथे गाडीच्या कारखान्यांना पुरविले जाणारे संच तयार होतात. म्हणजे पूर्वी आखातातून किंवा लॅमिंग्टन रस्त्यावरून शोधून आणावी लागणारी वस्तू आता तळेगावच्या शेजारीच निर्माण होते. परंतु ती निर्माण होते ती ‘कंपनी फिटिंग’ म्हणून.

या वृत्तान्तावरून असे म्हणता येईल की, ध्वनिसंच प्रथम श्रमाने आणि परवान्याने बांधलेला होता, मधल्या काळात प्रमाण मापाने तो मोकळा झाला आणि आता संगणकीय खुणेने पुन्हा बांधला जात आहे. या बंधनाची एक बाजू न्याय्य आहे. चोरीच्या मालास त्यामुळे आळा बसतो. परंतु रीतसर विकत घेतलेल्या वस्तूचा दुसरा मालक आणि चोर यांत ही खूण भेद करीत नाही, ही तिची उणीव आहे. कापलेली तार आणि शाबूत खटका यांतील भेद जुना वायरमन डोळ्यांनी ओळखीत असे. स्पीकर आणि वर्धक अजून बऱ्याच अंशी सुटे आहेत. वापरलेल्या मालाचा व्यवहार त्यांच्यापुरता चालू राहील. मुख्य संचाच्या बाबतीत मात्र रीतसर हस्तांतराची व्यवस्था निर्मात्यांनी दिली नाही, तर जे काम पूर्वी कारागिराच्या पारखीवर होत असे ते निर्मात्याच्या मर्जीवर जाईल. त्या दिवशीही गॅरेजमध्ये ‘टेप’ हा शब्द कदाचित चालू असेल; त्यातील सुटेपणाचा अर्थ मात्र उरलेला नसेल.