पाचवा भिडू

इसवी सन २००० च्या नोव्हेंबर महिन्याच्या पहिल्या तारखेस छत्तीसगड हे राज्य अस्तित्वात आले, ही गोष्ट या प्रांतात नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या प्रत्येक मराठी माणसास ठाऊक असते. त्याच महिन्यात अमेरिकेतील व्हॉल्व्ह नामक कंपनीने ‘काउंटर-स्ट्राइक’ या नावाचा संगणकावरील एक खेळ दुकानांत विक्रीस ठेवला. हे मात्र फायलींत बुडालेल्या आमच्यासारख्यांस कळण्याचे कारण नव्हते. आम्हांस ते कळले सहा-सात वर्षे उलटून गेल्यावर, आणि तेही घरातल्या एका अप्रिय प्रसंगाने. तो प्रसंग पुढे यथाक्रम येईल. आधी खेळाची हकीकत सांगितली पाहिजे. कारण या खेळासंबंधी आमच्या बदलीच्या गावांतील दिवाणखान्यांत जेवढे बोलले जाते, त्याच्या दशांशानेही त्याची माहिती कोणी करून घेतलेली नसते.

या खेळाचे जनक दोघे विद्यार्थी होते. एक कॅनडात शिकणारा मिन्ह ले आणि दुसरा अमेरिकेतील जेस क्लिफ. ‘हाफ-लाइफ’ नावाचा एक खेळ १९९८ मध्ये निघाला होता. त्यातील सामग्री घेऊन या दोघांनी फावल्या वेळात आपला निराळाच खेळ रचला आणि १९९९ च्या जूनमध्ये तो फुकट वाटून टाकला. खेळणाऱ्यांची गर्दी पाहून मूळ कंपनीनेच पुढे तो पदरी घेतला. बाँब पेरणारे आणि त्यांस रोखणारे असे दोन पक्ष असतात. स्पर्धेत प्रत्येक पक्षास पाच गडी, आणि डाव सुमारे दोन मिनिटांचा. पूर्वी असे पंधरा डाव झाले की बाजू बदलावयाची असे, आणि जो पक्ष सोळा डाव आधी जिंकी तो विजयी ठरे. आता ती संख्या तेरावर आणली आहे.

आमच्या हुतुतूत पूर्वी तीन पद्धती असत, हे जुन्या वाचकांस स्मरत असेल. ‘संजीवनी’त बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा जिवंत होई. ‘गामिनी’त बाद झालेला गडी सारा डाव संपेपर्यंत बाहेरच बसे. आणि ‘अमर’मध्ये कोणी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजले जात. संगणकावरील नेमबाजीच्या खेळांनाही हीच वर्गवारी तंतोतंत लागू पडते. मोकळ्या गोळीबाराचे खेळ ‘अमर’ जातीचे आहेत. पुढे आलेल्या पबजीत जखमी होऊन पडलेल्या गड्यास त्याचा भिडू जवळ जाऊन उठवू शकतो, म्हणून तो ‘संजीवनी’चा चुलतभाऊ. काउंटर-स्ट्राइक हा शुद्ध ‘गामिनी’ आहे. गोळी लागलेला गडी उरलेला डाव मुकाट्याने पाहत बसतो. पाचांपैकी एक गेला की चौघांस पाचांशी झुंजावे लागते आणि त्याचा परिणाम पुढच्या डावावरही होतो. कारण या खेळात पैसा आहे. खोटा पैसा, पण हिशेब खरा. प्रत्येकास आरंभी आठशे डॉलर मिळतात, कितीही जिंकले तरी सोळा हजारांवर शिल्लक वाढत नाही, आणि त्यांतूनच दर डावास शस्त्रे विकत घ्यावयाची. लागोपाठ हरलेल्या पक्षाने पाचांच्या संमतीने एक डाव जवळपास रिकाम्या हाताने खेळून पैसे वाचवावयाचे, अशी रीत आहे. एकाने जरी हाव धरून मधेच महाग बंदूक घेतली तरी सर्वांचे अंदाजपत्रक कोसळते. लेखाविभागात जन्म घालविलेल्या आमच्यासारख्यास हे ऐकून नवल वाटले. खर्चाची अशी शिस्त आम्ही मोठमोठ्या कचेऱ्यांतही फारशी पाहिली नव्हती.

हा खेळ भिलाईस रुजावा यात आश्चर्य नाही. ज्या दुर्ग जिल्ह्याचे कागद १९५६ पर्यंत नागपुरास जात असत, त्या जिल्ह्यातील या जागेसाठी २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीमागोमाग साऱ्या हिंदुस्थानातून माणसे आली. सेक्टरवार आखलेल्या वसाहतीत केरळी फोरमनच्या शेजारी तेलुगू फिटर, त्याच्यापलीकडे बंगाली डॉक्टर आणि कोपऱ्यावर वऱ्हाडी कारकून, अशी वस्ती झाली. त्यांची मुले एकाच मैदानावर वाढली. मैदानावर जी हिंदी ती बोलत ती कोणत्याच व्याकरणात बसणारी नव्हती, पण चेंडू कोणाकडे टाकावयाचा हे तीत नेमके सांगता येत असे. मुले मोठी झाली, अभियांत्रिकीच्या शिकवणीवर्गांनी मैदाने ओस पाडली, आणि शिकवणी सुटल्यावरचा एक तास सायबर कॅफेने पटकावला. तारेने एकमेकांस जोडलेले दहा संगणक मिळाले की दोन संघ बसत. मैदानावरची तीच हिंदी तेथेही चालू लागली.

आमचे चिरंजीव अशाच एका संघातले पाचवे. साल २००७. इतर चौघांत एक मल्याळी, एक आंध्र, एक बंगाली आणि एक अस्सल छत्तीसगडी. रायपूरच्या एका महाविद्यालयात रविवारी स्पर्धा होती. शनिवारी सायंकाळी चाचणी परीक्षेचे गुणपत्रक आमच्या हाती पडले. त्यात काय होते ते सांगत नाही, परंतु आम्ही त्याची सायकल कुलूपबंद केली आणि दुसऱ्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकावयाचे नाही असे फर्मावले. सौभाग्यवतींनी रदबदली केली, तीही आम्ही ऐकली नाही. चिरंजीव एवढेच म्हणाले, “बाबा, चौघांचा संघ होत नाही.” आम्ही उत्तर दिले की हा काही हॉकीचा सामना नव्हे. रविवारी सकाळी चार मुले फाटकाशी आली, थोडा वेळ उभी राहिली, आणि रायपूरच्या गाडीची वेळ झाली तशी निघून गेली. पुढच्याच आठवड्यात एका क्रीडादिनाच्या समारंभात सांघिक भावनेवर आमचे भाषण झाले. ते चांगले झाले असे सर्वांनी सांगितले.

त्यानंतरची दहा वर्षे या खेळाने कॅफेच्या अंधारातच काढली. मुंबईच्या अंकित पंथ यांच्या ‘ब्रूटॅलिटी’सारखे संघ देशभर गाजले, पण ते त्या जगापुरते. वर्तमानपत्रांस त्यांची गंधवार्ता नव्हती. मग ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओचे स्वस्त इंटरनेट आले, २०१८ मध्ये पबजी मोबाइल आले, आणि जे कॅफेत होते ते प्रत्येकाच्या खिशात आले. शंभर गडी एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ हळूहळू आकसत जाते, आणि चौघाचौघांच्या टोळ्यांपैकी शेवटी एक उरते. या खेळास महाग संगणक लागत नव्हता. २०१९ च्या मार्चमध्ये हैदराबादेस त्याची भारतीय मालिकेची अंतिम फेरी झाली. ती नवी मुंबईच्या नमन माथुर यांच्या ‘सोल’ संघाने जिंकली. त्याच महिन्यात राजकोटच्या पोलिसांनी हा खेळ खेळल्याबद्दल विद्यार्थ्यांस अटक केली. त्याआधी दोनच महिने पंतप्रधानांसमोर एका मातेने मुलाच्या ऑनलाइन खेळाची तक्रार केली, तेव्हा हा पबजीवाला आहे काय असे त्यांनी हसत विचारले होते. एकाच देशात एकाच वेळी एका खेळास बक्षीस, बेडी आणि विनोद अशी तीनही लाभावीत, हे इतिहासात क्वचित घडते.

पण या कहाणीतील सर्वांत दुःखद दिवस आमच्या मते १९ ऑक्टोबर २०१८ हा होय. शांघायमध्ये काउंटर-स्ट्राइकची आशियाई स्पर्धा चालली होती. अमेरिकेच्या ‘ऑप्टिक’ या नामांकित संस्थेने काही महिन्यांपूर्वीच भारतीय संघ पोसावयास घेतला होता. भारताच्या वाट्यास असा मान प्रथमच येत होता. व्हिएतनामी संघाशी सामना चालू असताना पंचांस एका भारतीय गड्याचा संशय आला. त्याचा संगणक तपासावयास ते आले, तेव्हा त्याने घाईघाईने काही पुसून टाकण्याची धडपड केली. नेम आपोआप लावून देणारा एक प्रोग्रॅम त्यात सापडला. त्याच्या फाइलीस नाव दिले होते ‘वर्ड’. आपल्या कचेऱ्यांत ज्या नावाने दिवसभर पत्रे टंकलिखित होतात, तेच. संघ बाद ठरला, संस्थेने भारतातील सारा गाशा गुंडाळला, आणि त्या गड्यावर पुढे पाच वर्षांची बंदी आली. जगाने त्या एकास नावे ठेवली, त्याची खूप टवाळी केली. आम्हांस मात्र त्याच्या शेजारी बसलेल्या चौघांची आठवण येते. त्यांचे सामानही त्याच विमानाने परत आले असेल.

पुढची हकीकत सरकारी आदेशांच्या तारखांनीच सांगता येते, आणि आमच्या वाचकांस ती भाषा अधिक परिचित आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये ‘ऑरेंज रॉक’ या भारतीय संघाने पबजी मोबाइलच्या जागतिक लीगमध्ये पूर्व विभागात दुसरा क्रमांक मिळविला. २ सप्टेंबर २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ अन्वये ११८ चिनी संबंधांच्या अ‍ॅपांवर बंदी आली, तीत पबजीही गेले. खेळ मूळचा कोरियन, पण मोबाइलवरील आवृत्ती चिनी कंपनीच्या हाती. सीमेवर गलवानला जे घडले होते ते पाहता आदेशास कोणी बोल लावू शकत नव्हते. संघ मात्र महिन्याभरात बिनकामाचे झाले. कोरियन कंपनीने २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ भारतासाठी निराळ्या नावाने आणला. २८ जुलै २०२२ रोजी तोही दुकानांतून उतरविला गेला. २०२३ च्या मे महिन्यात तो परत आला, तेव्हा सोबत अटी होत्या: अज्ञानास रोज तीन तास, सज्ञानास सहा. (सहा तासांची सक्त मर्यादा आमच्या कचेरीतील कामासही कोणी घातली असती, तर कित्येकांची तीही पुरी झाली नसती.)

याच सुमारास भिलाईचे नाव देशभर निघाले, पण भलत्याच कारणाने. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने सट्ट्याची २२ अ‍ॅपे आणि संकेतस्थळे बंद केली. त्यांत ‘महादेव’ हे प्रमुख होते, आणि त्याचे सूत्रधार म्हणून तपासयंत्रणांनी ज्यांची नावे घेतली ते भिलाईचे राहणारे. त्या दिवसांत कोणाचा मुलगा फोनवर खेळताना दिसला की शेजारी कुजबुजत, “सट्टा तर नव्हे?” द्यूत आणि क्रीडा यांतील हा घोटाळा नवा नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात निर्जीव वस्तूंनी खेळावयाचे ते द्यूत आणि प्राण्यांवर पैज लावावयाची तो समाह्वय, असा भेद करून राजाने दोहोंचाही बंदोबस्त करावा असे सांगितले आहे. १८६७ च्या इंग्रजी जुगार कायद्याने केवळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळले. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व उचलून धरले. त्यानंतर साठ-सत्तर वर्षे कौशल्य किती आणि नशीब किती, याच तराजूवर वकिलांची चैन झाली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने तो तराजूच मोडला. पैसे लावून खेळावयाचा खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो निषिद्ध. प्रवेशशुल्क देऊन बक्षिसासाठी खेळावयाचा सांघिक सामना मात्र ‘ई-स्पोर्ट्स’, आणि तो वैध. उशिरा का होईना, कागदावर दोन निराळे रकाने पडले.

त्याआधी २०२२ च्या डिसेंबरमध्ये आणखी एक अधिसूचना निघाली होती. तिचे अगत्य आमच्याइतके कोणास वाटणार? १९६१ च्या कार्यविभाजन नियमांत दुरुस्ती होऊन ई-स्पोर्ट्स हा विषय युवक व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविण्यात आला. ज्या गोष्टीस मंत्रालय नाही ती गोष्ट सरकारदरबारी अस्तित्वातच नसते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. हुतुतूची कथा आठवा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रयोग करून दाखविले, १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांत तो प्रदर्शनापुरता आला, आणि पदकांच्या यादीत शिरला तो १९९० मध्ये बीजिंगला. चौपन्न वर्षे लागली. ई-स्पोर्ट्स जाकार्तास २०१८ मध्ये प्रदर्शनीय होते आणि २०२३ मध्ये हांगझौला पदकास पात्र ठरले. तेथे पबजीच्या धर्तीचा खेळही होता, त्यात माणसांऐवजी लक्ष्यांवर नेम धरावयाचा होता. भारताने ज्या चार खेळांत आपले गडी उतरविले, त्यांत मात्र तो नव्हता. नेमबाजीतले आपले गडी तेव्हा बंदीतून नुकतेच बाहेर पडले होते.

आम्ही निवृत्तीनंतरही भिलाईसच राहिलो. चिरंजीव पुण्यास नोकरी करतात. तो आंध्र मुलगा हैदराबादेस, मल्याळी कोचीस, बंगाली कोलकात्यास, आणि छत्तीसगडी अजून सेक्टर ६ मध्ये. शनिवारी रात्री दहा वाजता पाचही जण आपापल्या घरांतून त्याच खेळाच्या नव्या आवृत्तीत एकत्र येतात. गेल्या दिवाळीत चिरंजीव घरी आले होते. जेवणे आटोपल्यावर ते आमच्या जुन्या अभ्यासिकेत जाऊन बसले. आम्ही दारात उभे राहिलो आणि कधी विचारले नव्हते ते विचारले: त्या रविवारी रायपूरला काय झाले?

“चौघेच खेळले,” ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. “सोळा-चौदा. हरले.”

मग डाव सुरू झाला असावा, कारण हेडफोन कानांवर चढवीत ते म्हणाले, “बाबा, दार जरा ओढून घ्या.” आम्ही घेतले.