मांजराच्या लिटर बॉक्सची कुळकथा

घरमांजराचे कूळ उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातील कोरड्या मुलखातल्या रानमांजराचे, फेलिस लिबिकाचे. भुसभुशीत जमीन उकरायची, खड्ड्यात विधी उरकायचा आणि वर माती लोटायची ही सवय त्या कुळातून आलेली. ती शिकवावी लागत नाही. महिन्याभराचे पिल्लूही सुटी माती दिसली की उकरू लागते. कमी पाण्यावर जगणाऱ्या या प्राण्याची मूत्रपिंडे लघवी फार दाट करतात. तिच्यातील युरियाचे जिवाणूंमुळे अमोनियात रूपांतर होते आणि बंद खोलीत वास नाकाला झोंबतो. मांजर घरातच ठेवायचे, तर त्याला उकरायला काहीतरी हवे आणि माणसाला वास व पसारा नको. लिटर बॉक्स घडला तो या दोन बाजूंच्या ओढाताणीतून.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक मांजरे अर्धी घरात, अर्धी बाहेर राहत. कोठारातले उंदीर मारायचे आणि विधीसाठी परसात जायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. बाहेर सोडणे शक्य नसेल तेथे जुन्या घमेल्यात किंवा पाटीत वाळू, चुलीतली राख, लाकडाचा भुसा नाहीतर फाडलेली वर्तमानपत्रे घालत. यातला प्रत्येक उपाय कुठेतरी तोकडा पडे. वाळू ओल धरून ठेवत नाही, राखेने पंजे काळे होऊन ठसे घरभर उमटतात, आणि कागद वास आवरत नाही.

बदल घडला अमेरिकेतील मिशिगन राज्यात. कॅसोपोलिस येथील एड लो (1920–1995) वडिलांच्या व्यवसायात होते. कारखान्यांच्या जमिनीवर सांडलेले तेल टिपून घेणारा भुसा, वाळू आणि भट्टीत वाळवलेली दाणेदार माती ते विकत. जानेवारी 1947 मध्ये एक शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. तिचा वाळूचा ढीग थंडीने गोठला होता आणि राखेच्या ठशांनी ती कंटाळली होती. लो यांनी वाळूऐवजी दाणेदार मातीची पिशवी दिली. ही फुलर्स अर्थ, म्हणजे आपल्याकडे मुलतानी माती म्हणतात त्या जातीची. पूर्वी युरोपात लोकरीतले तेल काढायला हीच माती वापरत. थोड्याच दिवसांत शेजारीण आणखी माती मागायला आली.

लो यांनी पाच-पाच पौंडांच्या दहा पिशव्या भरून त्यांवर ‘किटी लिटर’ असे लिहिले. वाळू कवडीमोलाने मिळत असताना या मातीला 65 सेंट कोण देणार, अशी शंका दुकानदाराला आली. तेव्हा पिशव्या फुकट वाटण्यास लो यांनी सांगितले. ज्यांनी फुकट नेली तीच गिऱ्हाइके पुढे पैसे मोजून नेऊ लागली. मांजरांच्या प्रदर्शनांतून आणि गावोगावच्या दुकानांतून लो यांनी धंदा वाढवला, 1964 मध्ये ‘टायडी कॅट’ हे नाव बाजारात आणले आणि 1990 मध्ये व्यवसाय विकला. मांजर बारा महिने घरात ठेवणे सामान्य कुटुंबाला जमू लागले, त्यात या मातीचा वाटा मोठा आहे.

या पहिल्या पिढीच्या लिटरची, म्हणजे बॉक्समध्ये भरायच्या मातीची, मर्यादा तिच्या गुणातच होती. भाजलेल्या दाण्यातील सूक्ष्म छिद्रे लघवी शोषतात, पण ती भरली की उरलेली लघवी तळाशी साचते. ओले आणि कोरडे दाणे वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे बॉक्स पुरता रिकामा करावा लागतो. ही अडचण 1984 मध्ये सुटली. जीवरसायनशास्त्रज्ञ थॉमस नेल्सन यांनी बेंटोनाइट मातीपासून गोळा होणारे लिटर तयार केले. वायोमिंगमध्ये विपुल सापडणाऱ्या या मातीतील मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगून चिकट होते. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तीही याच जातीच्या खनिजामुळे. बेंटोनाइटच्या सोडियमयुक्त प्रकारात फुगण्याचा गुण फार तीव्र असतो. लघवी पडताच घट्ट गोळा बनतो आणि तो जाळीच्या चमच्याने उचलता येतो. भारतात कच्छमध्ये बेंटोनाइटच्या खाणी आहेत.

गोळा होणाऱ्या लिटरने साफसफाई सोपी केली, पण नव्या तऱ्हेचा पसारा आणला. त्याचे बारीक कण पंजांना चिकटून गादीपर्यंत पोहोचतात. त्यावर उपाय म्हणून पुढे मोठ्या दाण्यांचे पर्याय आले: सिलिका जेलचे खडे, दाबलेल्या लाकडी भुशाच्या गोळ्या, कागदाचे आणि मक्याचे लिटर. लाकडी गोळ्या भिजल्या की त्यांचा भुसा होतो आणि तो चाळणीच्या ट्रेमधून खाली गळतो. जपानमध्ये रूढ झालेल्या दुमजली बॉक्समध्ये लघवी न शोषणाऱ्या दाण्यांतून आणि जाळीतून खालच्या शोषक पॅडवर उतरते. हे पर्याय घर स्वच्छ ठेवतात, पण मांजराच्या पायाला ते वाळूसारखे लागत नाहीत. वर्तनतज्ज्ञांच्या निरीक्षणांत बहुतेक मांजरांनी बारीक दाण्याचे, बिनवासाचे, गोळा होणारे लिटर पसंत केले आहे. लिटरला दिलेला सुगंध मुख्यतः माणसासाठी असतो.

बॉक्सचा आकारही माणसाच्या सोयीने बदलत गेला. उथळ ट्रेला आधी कड आली, मग झाकण, मग वरून उतरण्याचे भोक आणि अखेरीस आपोआप चाळणारी यंत्रे. झाकणामुळे उडणारे कण आत राहतात, पण वासही कोंडतो. झाकलेले आणि उघडे बॉक्स रोज स्वच्छ ठेवून केलेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत बहुतेक मांजरांनी दोहोंत फरक केला नाही. मोठ्या बॉक्सकडे मात्र मांजरांचा कल असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट बॉक्स असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. दुकानातले बरेच ट्रे या मापाला अपुरे पडतात.

पसारा करणाऱ्या मांजरासाठी निवड करताना पसाऱ्याचा प्रकार आधी ओळखावा लागतो. जोराने उकरून लिटर उडवणाऱ्या मांजराला उंच भिंती हव्यात. कपडे ठेवण्याचा मोठा प्लास्टिकचा डबा घेऊन एका बाजूला 12–15 सेंटिमीटर उंचीवर आत शिरण्यापुरता भाग कापला आणि कड पॉलिश पेपरने घासली की काम भागते. मागचा भाग उचलून लघवी करणाऱ्या मांजरालाही हाच डबा चालतो. झाकणाच्या बॉक्समध्ये ती लघवी तळ आणि झाकण यांच्या सांध्यातून बाहेर झिरपते. पंजांना कण चिकटवून नेणाऱ्या, विशेषतः पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजरासाठी बॉक्ससमोर जाळीदार मॅट घालावी आणि पंजाच्या बोटांमधले केस कापावेत. वरून उतरण्याचा बॉक्स कण अडवतो, पण पिल्लांना, म्हाताऱ्या आणि सांधे दुखणाऱ्या मांजरांना तो जमत नाही.

आत 5–7 सेंटिमीटर लिटर, रोज गोळे काढणे आणि मांजरांच्या संख्येपेक्षा एक बॉक्स जास्त, ही किमान व्यवस्था. बॉक्स जेवणाच्या भांड्यापासून दूर आणि वर्दळ नसलेल्या ठिकाणी ठेवतात. नवे लिटर आणायचे तर जुन्यात थोडे थोडे मिसळत बदलतात. बेंटोनाइट संडासात टाकू नये. ते पाइपातही फुगते.

व्यवस्था नीट असूनही एरवी नेमाने बॉक्स वापरणारे मांजर अचानक बाहेर घाण करू लागले, तर कारण बॉक्समध्ये नसण्याची शक्यता असते. मूत्राशयाचा दाह, खडे, मधुमेह किंवा सांधेदुखी ही नेहमीची कारणे. बोका वारंवार कुंथत असेल आणि लघवी उतरत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे लागते.